आईची खोड

उजव्या हातातली चौथी बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. आईनं ती मागे घेतली, नवरीचा तळवा पुन्हा दाबून धरला, बांगडी पुढे सरकवली आणि ती कडकन पिचली. काचेची कड संजीवनीच्या मनगटात घुसली. रक्ताचा थेंब तिच्या नव्या पिवळ्या साडीवर पडला.

खराड्यांच्या अंगणात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी आईच्या शेजारी बांगड्यांच्या माळा सोडवून द्यायला बसले होते, कारण माळेच्या दोऱ्याची गाठ आता आईच्या बोटांना सुटत नव्हती. लग्नघरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्या दिवशी कुणी काहीच म्हणालं नाही. आई नुसती त्या रक्ताकडे बघत राहिली.

"मला वाटलंच होतं," नवरीची आत्या म्हणाली. तानूबाई तिचं नाव. त्या घरात तिचा शब्द चालायचा. ती उठून आईसमोर येऊन उभी राहिली. "मघाशी गोठ्याच्या कडेला उभी राहून कडाकडा बोटं मोडत होतीस. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कुणावर मोडत होतीस गं?"

"कुणावर नाही, बाई," आई म्हणाली. "बोटं आखडल्यात. बांगड्या भरायच्या म्हणून जरा मोकळी करत होते."

"लग्नघरात येऊन बोटं मोडायची आणि वर पोरीच्या हातातनं रक्त काढायचं. काय वाकडं केलंय आम्ही तुझं?"

"आत्या, असू दे," संजीवनी म्हणाली. तिनं मनगट पदराखाली घेतलं होतं. "एवढं काही लागलं नाही."

"तू गप बस."

मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजला दुसऱ्या वर्षाला होते. मी म्हणाले, "तिचा हात दुखतो. बोटं मोडली म्हणून शाप लागतो का कुणाला?"

"बघा," तानूबाई बायकांकडे वळून म्हणाली. "पोरगी पण तोंडाळ."

कुणीतरी अण्णांना बोलावून आणलं. अण्णा म्हणजे माझे वडील. बांगड्यांची पेटी सायकलवरून तेच घेऊन यायचे आणि बाहेर मांडवात बसून राहायचे. तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान राहत्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं. दुकान अण्णांच्या नावाचं, पण बांगड्या भरायची आई. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलींचे चुडे तिनं भरले होते. तिनं बांगड्या भरल्या तर दुखत नाही, असं बायका म्हणायच्या.

अण्णांनी अंगणात येऊन काय झालं ते ऐकलं. आईकडे बघितलं नाही. तानूबाईला हात जोडले.

"खोडच आहे तिला," ते म्हणाले. "अडीच वर्षं झाली, मी सांगून थकलो. बोटं मोडून मोडून हाताची माती केली. ऐकतच नाही. तुमच्या पोरीवर मोडली नाहीत, एवढं माझं ऐका." मग आईला म्हणाले, "पाया पड पोरीच्या. माफी माग."

"अण्णा," मी म्हणाले.

"तू मध्ये पडू नकोस."

आई पंचेचाळीस वर्षांची होती. संजीवनी वीस-एकवीसची. संजीवनीनं पाय मागे घेतले, "काकू, नको नको" म्हणाली, पण आई वाकली होती. वाकून तिनं हात जमिनीला टेकले आणि तिला उठता येईना. हातावर भार पडला की तिच्या बोटांत कळ जायची, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की माझी आई पंधरा-वीस बायकांच्या मध्ये हातापायांवर राहिली आहे. मी तिला काखेत हात घालून उठवलं.

बाजारपेठेतल्या दुसऱ्या कासाराला बोलवायला माणूस गेला. आमच्या ओटीत तांदूळ आणि खण पडला नाही. आम्ही पेटी बांधली आणि निघालो.

रस्त्यानं अण्णा सायकल हातात धरून पुढे चालले होते आणि बोलत होते. पेटी कॅरिअरवर खडखडत होती. "आता हे गावभर होणार. कासारणीनं नवरीवर बोटं मोडली म्हणून. कोण बोलावणार पुढच्या लग्नाला? किती सांगायचं माणसानं? लहान पोराला सांगितलं तरी ते ऐकतं."

खरं सांगायचं तर त्या वाटेवर मला तानूबाईचा राग आला होता, अण्णांचा आला होता, पण सगळ्यांत जास्त राग आईचा आला होता. कशाला मोडायची बोटं? तीही लोकांच्या घरात, गोठ्याच्या कडेला उभी राहून?

तिची ती खोड मला लहानपणापासून माहीत होती. दुकान आवरलं की ती उंबऱ्याशी बसायची आणि एकेक बोट ओढून, वाकवून मोडायची. डाव्या हाताची आधी, मग उजव्या. शेवटी दोन्ही अंगठे. दिवसभर बायकांचे हात दाबून दाबून तिचे सांधे भरून आलेले असायचे. ती डोळे मिटून बोटं मोडायची आणि तिच्या चेहऱ्यावर आराम दिसायचा. मला तो आवाज आवडायचा नाही. मैत्रिणी घरी आल्या आणि तिनं बोटं मोडायला सुरुवात केली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अडीच वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी मूठ वळायची नाही. मग मधली बोटं बाहेरच्या बाजूला झुकायला लागली. गल्लीत ज्यानं त्यानं एकच सांगितलं. बोटं मोडली की सांधे झिजतात, त्याची फळं. अण्णांची आईही म्हणे हेच सांगायची, की बोटं मोडणाऱ्याचे हात म्हातारपणी लुळे पडतात. अण्णांनी गल्लीच्या टोकाच्या कंपाउंडरकडून एकदा सुई देववली. त्यानंही सांगितलं, आधी ही खोड सोडा. झालं. उपाय सापडला होता. दवाखाना नको, औषध नको, फक्त आईची खोड मोडायची.

आईनंही प्रयत्न केला. दिवसातून दहा वेळा तिचा एक हात दुसऱ्या हाताकडे जायचा आणि ती थांबायची. पण सकाळी बोटं आखडली की तिला राहवायचं नाही. ती लपून मोडायला लागली. एकदा परसात, जळणाच्या ढिगामागे सापडली. त्या दिवसापासून अण्णा संध्याकाळी जेवणं झाली की जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि तिची बोटं बांधायचे. दोन-दोन बोटं एकत्र, घट्ट. सकाळी चूल पेटवायच्या वेळेला सोडायचे. त्यांना त्यात काही वाईट वाटत नव्हतं. प्रेमानं बांधायचे, असंही म्हणता येईल. "तुझ्या भल्यासाठीच," म्हणायचे. आई हात पुढे करून बसायची.

त्या संध्याकाळीही तेच झालं. अण्णा चिंध्या घेऊन बसले. नेहमीपेक्षा जोरात आवळत होते. आईनं ओठ आत घेतले होते.

मी म्हणाले, "उद्या मी तिला मिरजेला नेते. दवाखान्यात."

"कशाला? डॉक्टर काय खोड सोडवतो काय?"

"सोडवेल. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकत नाही, डॉक्टरचं तरी ऐकेल."

मी हे आईच्या बाजूनं बोलत नव्हते. माझ्या वर्गातल्या नसीमची बहीण मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आईला चार शब्द खडसावून सांगावेत, हात कसे वाया गेले ते दाखवावं, म्हणजे ती पुन्हा चारचौघांत आमची लाज काढणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिला बरं करायला नेत नव्हते, तिला बोलणी बसावीत म्हणून नेत होते.

एसटीत आई खिडकीशी बसली. मी तिच्याशी बोलले नाही. सांगलीला गाडी बदलली. पायरी चढताना तिनं दांडा बोटांनी धरला नाही, मनगट त्यात अडकवून ती वर आली. मला तेही चीड आणणारं वाटलं, की बघा, मुद्दाम सोंग करते आहे.

नसीमच्या बहिणीनं आमचा नंबर लवकर लावला. डॉक्टर म्हणजे एक पन्नाशीच्या बाई होत्या. केस पांढरे, आवाज बारीक. त्यांनी आईला समोर बसवलं आणि टेबलावर एक टॉवेल घालून त्यावर तिचे दोन्ही हात ठेवायला लावले. चिंध्यांचे वळ बोटांवर अजून दिसत होते. त्या वळांकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, पण विचारलं दुसरंच.

"सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"चूल पेटवून, पाणी तापवून, हिचा डबा होईपर्यंत," आई म्हणाली.

"म्हणजे दोनेक तास. दोन्ही हातांची?"

"दोन्ही. पायाची पण."

पायाचीही बोटं दुखतात हे मला माहीत नव्हतं. आईनं ते पहिल्यांदाच कुणालातरी सांगितलं होतं.

"ताप येतो? थकवा?"

"थकवा तर आहेच. बारीक ताप येतो कधी कधी."

डॉक्टरांनी तिचा पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला. आई खुर्चीतून अर्धी उठली. ओरडली नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी लगेच हात सोडला.

मला वाटलं आता सांगायला हवं. मी म्हणाले, "डॉक्टर, ती बोटं मोडते. मी लहान असल्यापासून. कितीही सांगितलं तरी सोडत नाही. तुम्ही तिला सांगा."

"काय सांगू?"

"की त्यानं हात असे झालेत."

"त्यानं नाही झालेत," डॉक्टर म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "पण रोज मोडते. दिवसातून चार-पाच वेळा."

"मोडू दे. तो आवाज हाड झिजल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. बोट ओढलं की त्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. त्यानं संधिवात होतो असं कुठं आढळलेलं नाही. फार जोर लावून मोडू नयेत, सुजलेली असताना तर नाहीच. पण हा आजार वेगळा आहे. यात शरीर आपलेच सांधे परके समजून खायला लागतं. कुणाला होईल सांगता येत नाही. बायकांना जास्त होतो. बोटं मोडणाऱ्यांना होतो आणि न मोडणाऱ्यांनाही होतो."

"मग सगळे का म्हणतात?"

"सगळे म्हणजे कोण? त्यात डॉक्टर कोण होता?"

कंपाउंडरचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

"सुरुवात कधी झाली?" त्यांनी विचारलं.

"अडीच वर्षं झाली."

"अडीच वर्षं काय उपाय केलात?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत म्हणाले, "बोटं मोडणं बंद केलं. म्हणजे, करायला लावलं. रात्री बांधून ठेवायचो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या ओरडतील. मला ते हवंही होतं. पण त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि रक्त तपासायला आणि हातांचे फोटो काढायला चिठ्ठी लिहून दिली.

दुपारी फोटो आले. त्यांनी काचेच्या दिव्यावर ते लावून दाखवले. आईच्या बोटांची हाडं सांध्यापाशी कुरतडल्यासारखी दिसत होती, उंदरानं खाल्लेल्या भाकरीसारखी. "हे भरून येणार नाही," त्या म्हणाल्या. "जी बोटं वाकलीत ती वाकलेलीच राहतील. पुढचं थांबवायला औषध आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, दर महिन्याला रक्त तपासायचं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं. आता त्याचं काही नाही. आता चुकवू नका."

आई पुढे झुकली. "बाई, म्हणजे माझ्यामुळं नाही झालं?"

"नाही."

"माझ्या खोडीमुळं नाही?"

"नाही हो."

"मी लई मोडायची. उंबऱ्यात बसून. सगळी बोटं."

"तरीही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मोडल्यावर तुम्हाला जरा बरं वाटत होतं. एवढंच होतं ते."

आई मागे टेकून बसली. तिनं पदर सारखा केला. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. तसा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता.

स्टँडवर मी तिला चहा घेऊन दिला. ती कप दोन तळहातांमध्ये धरून प्यायली. मी बोलत सुटले. मला थांबताच येईना. अण्णांना आज सोडणार नाही, म्हणाले. कालचं ते पाया पडणं, त्या चिंध्या, अडीच वर्षं. एक दिवस दवाखान्यात नेलं असतं तर काय बिघडलं असतं? स्वतःचा पाय मुरगळला होता तेव्हा सांगलीला गेले होते की नाही? आणि ती तानूबाई. तिच्या दारात जाऊन मी हे फोटो दाखवणार आहे.

आई म्हणाली, "गाडी लागली बघ."

परतीच्या वाटेवरही मी बोलत होते. ती खिडकीबाहेर बघत होती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. अण्णा दुकानात बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी चप्पल न काढता आत गेले, फडताळातून त्या चिंध्यांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढे फेकला. माझ्या वडिलांसमोर मी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. आमच्या घरात कुणीच बोललं नव्हतं.

"घ्या," मी म्हणाले. "हे तुमचं औषध. अडीच वर्षं तिची हाडं कुरतडली जात होती आणि तुम्ही वरून बांधून ठेवत होतात."

"काय बोलतेस? नीट सांग."

मी सांगितलं. फोटो काढून दाखवले. बुडबुड्याचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर बोटं वाचली असती हे दोनदा सांगितलं. अण्णा फोटो उजेडाकडे धरून बघत होते. त्यांना त्यात काही कळत नव्हतं, पण ते खाली ठेवत नव्हते.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "सगळेच म्हणत होते. माझी आई म्हणायची. मी काय वैरी होतो तिचा? मला वाटलं, खोड सुटली की हात सुटेल."

"तुम्हाला वाटलं. तिला विचारलंत?"

"मंदे."

"काल भर अंगणात तिला पाया पडायला लावलंत. तिची चूक नसताना. त्या बाईसमोर तिची बाजू घ्यायची सोडून खोड आहे, खोड आहे करत बसलात. तुम्हाला नवरा म्हणायचं का..."

"मंदे, गप," आई म्हणाली.

ती उंबऱ्याशी उभी होती. मी म्हणाले, "तू नको बोलूस आई. आज मला बोलू दे. अडीच वर्षं तू सोसलंस."

"त्यांच्यावर ओरडू नकोस."

"का नको?"

"ते बांधायचे ते माझ्या समोर बसून बांधायचे. मला दिसत होतं. मी हात पुढे करत होते." तिचा आवाज मोठा नव्हता. "जळणामागं मी असते, हे त्यांना कुणी सांगितलं?"

मी खाली पडलेल्या चिंध्यांकडे बघितलं.

"मी बघितलं होतं तुला," आई म्हणाली. "परसदाराच्या आड उभी होतीस. तुला वाटलं मला कळलं नाही. मी बोटं मोडत होते आणि रडत होते. तू दोन्ही बघितलंस. आणि आत जाऊन त्यांना फक्त बोटं मोडते एवढं सांगितलंस."

हे खरं होतं. मी तिला रडताना बघितलं होतं. चुलीसमोरून उठून ती तिथं गेली होती, तोंडात पदराचा बोळा धरला होता, आणि एकेक बोट ओढत होती. मी कॉलेजला निघाले होते. मला उशीर होत होता. मी पुढच्या खोलीत जाऊन अण्णांना म्हणाले होते, ही बघा पुन्हा लपून मोडते आहे. आणि मला बरं वाटलं होतं. चोर पकडल्यावर वाटतं तसं.

"त्यांना अक्षर येत नाही," आई म्हणाली. "त्यांच्या आईनं सांगितलं ते त्यांनी धरून ठेवलं. तू कॉलेजात जातेस. पुस्तकं वाचतेस. माझ्या हातात रोज तुझा डबा असायचा. तुला दिसत नव्हतं?"

'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. अगदी दातांपर्यंत. ते अण्णांचे शब्द होते. मी ते गिळले.

अण्णा खाली बघत होते. आईच म्हणाली, "पाणी आण. गोळी घ्यायची आहे आठवड्याची." मी पाणी आणलं. तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला नाही. खाली ठेवायला लावला आणि मग दोन तळव्यांनी उचलून प्यायली.

पुढचं थोडक्यात सांगते. गोळीनं सूज उतरली, ताप गेला, दुखणं पुष्कळ कमी झालं. वाकलेली बोटं मात्र वाकलेलीच राहिली. आई आणखी एकवीस वर्षं जगली आणि त्यातली बहुतेक वर्षं मीच तिला मिरजेला नेत होते. अण्णांनी चिंध्या त्याच दिवशी बंबात घातल्या आणि त्यानंतर ते आईसमोर जरा दबूनच राहिले. कधी कधी ती जेवताना तिच्या भाकरीचा तुकडा मोडून द्यायचे. ती घ्यायची. त्यांच्यावर तिनं फार दिवस राग धरला नाही. माझ्यावर धरला. माझ्या हातचं ती खात होती, माझ्याकडून वेणी घालून घेत होती, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. किती दिवस, ते मी मोजले नाहीत. उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी आली, एवढं आठवतं. मी एकदाही माफी मागितली नाही. मला यायचीच नाही ती. तोंड उघडलं की स्वतःचाच राग यायचा आणि तो राग दुसऱ्या कुणावर तरी निघायचा. तानूबाईच्या दारात मी फोटो घेऊन गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

पण मला सांगायची आहे ती मिरजेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. दुकान उघडलं आणि लगेच एक बाई आली, वायफळे गावची, कडेला मूल. माहेरी निघाली होती, हातभर बांगड्या भरायच्या होत्या. अण्णा तिला म्हणाले, "बाई, आज जमायचं नाही. आमच्या घरातून आता भरता येत नाही. पेठेत दुसरं दुकान आहे."

आई आतून आली आणि चटईवर बसली. भिंतीला टेकून, हात मांडीवर.

"मंदा भरेल," ती म्हणाली.

मी कॉलेजची वही छातीशी धरून निघण्याच्या तयारीत होते. मी कधीच बांगड्या भरल्या नव्हत्या. मला तो धंदाच नको होता. बी.ए. करायचं, कुठेतरी कारकून व्हायचं, बायकांचे घामट हात दाबत बसायचं नाही, हे मी ठरवून टाकलेलं होतं. आईला ते माहीत होतं.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"बस."

मी वही ठेवली आणि बसले. बाईनं मूल मांडीवर घेतलं आणि हात पुढे केला. रापलेला हात होता, तळव्याला घट्टे. मी माळेतून एक हिरवी बांगडी काढली, दोन-चारच्या मापाची, ती तिच्या बोटांवर घातली आणि ढकलली. ती सांध्यापाशी अडली. मी आणखी ढकलली.

"बांगडीकडे काय बघतेस," आई म्हणाली. आवाज कठोर होता. "बांगडी गोल असते. ती सगळीकडे सारखीच. हाताकडे बघ."

मी हाताकडे बघितलं.

"अंगठ्याखालची गादी आत दाब. अशी नाही, हळू. करंगळीच्या बाजूनं चार बोटं एकत्र घे. घाई करू नकोस."

मी दाबलं. बाईचा हात माझ्या हातात थोडा आखडला. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. बायका अशा वेळी काही दाखवत नाहीत. मूल बांगड्यांच्या माळेकडे हात नेत होतं आणि ती दुसऱ्या हातानं त्याला आवरत होती. मी पुन्हा बांगडी धरली.

"थांब," आई म्हणाली. "दुखतंय का, विचार तिला."

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"विचार," ती म्हणाली.

मी त्या बाईला विचारलं, "दुखतंय का?"

"थोडं," बाई म्हणाली. "त्या अंगठ्याला मागं लागलं होतं."

मी बांगडी काढून ठेवली आणि तो अंगठा दोन्ही हातांत घेतला.